सोनेरी घडीचा पडदा: भिंतीवर ठोकावा की जमिनीवर उभा करावा?

जपानमध्ये काही वर्षे नोकरी करून पुण्याला परतलेल्या एका दांपत्याने विचारले आहे की, क्योतोमध्ये विकत घेतलेला, सोन्याच्या वर्खावर पाइनचे झाड आणि क्रौंच पक्षी रंगवलेला सहा पॅनेलचा जुना पडदा नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात कसा मांडावा. पडदा १७० सेंमी उंच असून पूर्ण उलगडल्यावर सुमारे ३७० सेंमी रुंद होतो, आणि दिवाणखाना ११ फूट रुंद व १८ फूट लांब आहे. सजावटकाराने तो सोफ्यामागच्या भिंतीवर सपाट बसवून, वर काच लावून छतातून प्रकाशझोत सोडण्याचा सल्ला दिला आहे. घरच्यांना मात्र तो दिवाणखाना आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये आडोसा म्हणून हवा आहे. याशिवाय काळ्या रोगणाचा एखादा चिनी पडदाही घ्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधी स्पष्टपणे मांडतो. हा पडदा भिंतीवर सपाट लावू नये, त्यावर काच बसवू नये आणि जेवणाच्या जागेजवळ आडोसा म्हणूनही वापरू नये. लांब भिंतीपासून थोडा पुढे, जमिनीलगत, घड्या कायम ठेवून तो उभा करावा आणि पावसाळ्याचे महिने मिटून ठेवावा. ब्योबू, म्हणजे असा जपानी घडीचा पडदा, हे भिंतीवरचे चित्र नव्हे. ते उभे राहणारे, मिटणारे आणि प्रसंगानुसार जागा बदलणारे सामान आहे, आणि चित्रकाराने ते तसेच गृहीत धरून रंगवलेले असते. ही गोष्ट एकदा मान्य केली की मांडणीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात.

घडीचे महत्त्व समजण्यासाठी या वस्तूची बांधणी पाहावी लागते. रंगवलेले पडदे चीनमध्ये फार जुने आहेत. शान्शी प्रांतातील दातोंग येथे सिमा जिनलोंग याच्या इसवी सन ४८४ च्या थडग्यात लाल रोगणावर रंगवलेल्या पडद्याचे भाग सापडले आहेत. चीन आणि कोरियामार्गे ही कला जपानमध्ये पोहोचली. नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील पडदे आजही जपलेले आहेत. त्या काळी प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र किनार असे आणि पॅनेले दोरीने किंवा चामड्याच्या वादीने एकमेकांना बांधलेली असत, त्यामुळे प्रत्येक पॅनेलवरचे चित्र वेगळे राही. चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागऱ्या रूढ झाल्या, पॅनेले एकमेकांना अगदी खेटून जोडता येऊ लागली आणि चित्रकाराला सहाही पॅनेलांवर सलग पसरणारे एकच चित्र काढण्याची मोकळीक मिळाली. तुमच्या पडद्यावरची पाइनची फांदी एका पॅनेलवरून दुसऱ्यावर जाऊ शकते, ती या बिजागरीमुळे.

अशा पडद्याची घडी ठरलेली असते. मिटताना पहिल्या आणि दुसऱ्या पॅनेलची रंगवलेली बाजू समोरासमोर येते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या पाठी एकमेकींना लागतात, आणि हाच क्रम पुढे चालतो. त्यामुळे उभा केल्यावर दोन्ही टोकांच्या कडा पाहणाऱ्याकडे पुढे येतात. पहिला, तिसरा आणि पाचवा सांधा मागे जातो, तर दुसरा आणि चौथा पुढे येतो. कागदी बिजागरी उलट दिशेनेही वळू शकते, परंतु म्हणून ती उलट वळवू नये. मागे गेलेल्या सांध्यातून निघून पुढच्या कडेवर येणारी फांदी खरोखरच खोलीत पुढे आल्यासारखी दिसते. सपाट केल्यावर किंवा घडी उलटवल्यावर ती नुसती आडवी रेघ होते. जपानी चित्रकार ओगाता कोरिन याचा आयरिसच्या फुलांचा पडदा तोक्योच्या नेझू संग्रहालयात बहुधा दर वर्षी त्या फुलांच्या बहराच्या सुमारास मांडला जातो. तिथे तो उभा असलेला प्रत्यक्ष पाहिला की पुस्तकातल्या सपाट छायाचित्रातून काय निसटते ते लक्षात येते. चालत चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले, की फुलांचे झुबके कधी जवळ येतात, कधी दूर जातात.

आता मापांचा हिशेब करू. प्रत्येक पॅनेल सुमारे ६२ सेंमी रुंद आहे. शेजारच्या पॅनेलांमधला कोन १२० अंश ठेवला, तर पडदा भिंतीलगत सुमारे ३२२ सेंमी, म्हणजे साडेदहा फूट जागा घेईल आणि त्याची खोली ३१ सेंमी असेल. कोन ९० अंशांवर आणला, तर रुंदी सुमारे २६३ सेंमी आणि खोली ४४ सेंमी होईल. यापेक्षा जास्त मिटला, तर आतल्या सांध्यांजवळचे चित्र दिसेनासे होते. जास्त उलगडला, तर तो डगमगतो. तुमच्या अठरा फुटी भिंतीसाठी मी ११० ते १२० अंशांच्या दरम्यान थांबेन. दोन्ही बाजूंना मिळून सात फुटांहून अधिक भिंत मोकळी राहील, आणि ती मोकळी भिंत पडद्याला आवश्यक आहे. कोन सर्व सांध्यांना सारखा असला पाहिजे, कारण एक सांधा ताणलेला आणि दुसरा सैल असला की सगळा भार एका कागदी बिजागरीवर येतो. उघडताना दोन माणसे असावीत, आणि धरताना फक्त बाहेरच्या लाकडी चौकटीला हात लावावा.

उंचीचा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. हे पडदे तातामीवर, म्हणजे जपानी घरातल्या जमिनीवरच्या चटईवर, खाली बसलेल्या माणसासाठी रंगवलेले आहेत. जमिनीवर बसलेल्याची नजर साधारण पाऊण मीटर उंचीवर असते, त्यामुळे पाण्याची कड, बुंध्याचे मूळ, पक्ष्यांचे पाय हा चित्राचा खालचा भाग त्याच्या थेट समोर येतो आणि झाडाचा शेंडा त्याच्यावर झुकतो. हाच पडदा सोफ्याच्या पाठीवर, जमिनीपासून तीन फूट वर टांगला, तर क्रौंच छताजवळ जातात आणि चित्राची जमीन हवेत तरंगते. आपल्याकडे याला सोपा आणि घरचा उपाय आहे: पडद्यासमोर सोफा न ठेवता लोड-तक्क्यांची भारतीय बैठक घालावी. गाण्याच्या घरगुती मैफिलीसाठी आपण जशी बैठक घालतो, तिची उंची या पडद्याला अचूक जुळते. सोफा ठेवायचाच असेल, तर तो समोरच्या भिंतीला लावावा आणि पडद्याखाली सहा-आठ सेंमी उंचीचा साधा, गडद लाकडी चौथरा करावा, म्हणजे नजरेतला फरक थोडा भरून निघतो. या चौथऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. आपल्या घरांत लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि ते पाणी पडद्याच्या चौकटीखाली महिनोन्महिने मुरत राहिले, तर खालच्या कोपऱ्यांचे रोगण उचलले जाते.

प्रकाशाबाबत सजावटकाराची सूचना मी पूर्णपणे बाजूला ठेवेन. सुमारे दहा सेंमी चौरसांचा सोन्याचा वर्ख एकमेकांवर किंचित चढवून लावलेला असतो, त्यामुळे जवळून पाहिल्यास त्याची चौकडी दिसते. वर्ख तेलाच्या दिव्यांच्या आणि बाहेरून आत येणाऱ्या तिरक्या उजेडाच्या काळात लावला गेला. खोलीच्या आतल्या, अंधाऱ्या भागात उजेड पोहोचवणे हे त्याचे एक काम होते. छतातून पडणारा झोत त्यावर एकच पांढरा डाग तयार करतो, वरची चौकट चित्रावर सावली टाकते आणि घड्यांतला भेद मिटतो. उजेड बाजूने आला, तर एकाआड एक तीन पॅनेले उजळतात आणि त्यांच्यामधली तीन गडद राहतात, आणि खिडकीचा उजेड दिवसभरात सरकतो तशी ही अदलाबदल होत राहते. म्हणून खिडकी पडद्याच्या बाजूला असावी, समोर नसावी, आणि थेट ऊन मुळीच पडू नये. संध्याकाळी पडद्याच्या एका टोकापासून चार-पाच फुटांवर, जमिनीपासून दोन फुटांच्या आत, कापडी किंवा कागदी शेडचा एक दिवा पुरेसा आहे. २७०० केल्विनचा उबदार एलईडी दिवा घ्यावा. सोने उन्हाने विटत नाही, परंतु वनस्पतिज रंग आणि कागद विटतात, आणि संग्रहालयांत अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवला जातो. घरात तितके काटेकोर राहता येणार नाही, पण कोणी नसताना दिवा बंद आणि खिडकीचा पडदा ओढलेला, एवढे नक्की करता येईल. समई आणि उदबत्ती मात्र त्याच्याजवळ लावू नयेत. काजळी आणि तेलाचा अंश वर्खावर बसला, की तो काढताना वर्खही निघतो.

तुमचा पडदा बहुधा जोडीतला एक आहे, कारण सहा पॅनेलांचे पडदे प्रायः जोडीने केले जात आणि नंतरच्या व्यापारात या जोड्या फुटल्या. सही किंवा शिक्का उजव्या टोकाला असेल, तर तो जोडीतला उजवा. डाव्या टोकाला असेल, तर डावा. चित्र उजवीकडून डावीकडे वाचले जाते, आणि ऋतूंचे चित्र असेल, तर बहुधा उजव्या पडद्यावर वसंत व ग्रीष्म आणि डाव्यावर शरद व हिवाळा असतो. दोन्हींत जड भाग, म्हणजे मोठा बुंधा किंवा खडक, सहसा बाहेरच्या टोकाला असतो आणि आतल्या बाजूला चित्र मोकळे होत जाते, जिथे दुसरा पडदा सुरू व्हायचा असे. म्हणून जड टोक खोलीच्या कोपऱ्याकडे ठेवावे आणि मोकळ्या टोकापुढे रिकामी भिंत सोडावी. त्या रिकाम्या बाजूला शोकेस किंवा उंच कुंडी ठेवली, तर चित्राचा श्वास तिथेच अडतो.

भिंतीचा रंग मातकट करडा किंवा मळकट हिरवा असावा, आणि चमक नसलेला असावा. क्रीम रंगाच्या चकचकीत भिंतीपुढे सोने पिवळे आणि फिके दिसते. समोर टीव्ही नको.

हवामानाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे जुने पडदे खराब होतात ते बहुतांशी याच कारणाने. प्रत्येक पॅनेल म्हणजे हलक्या लाकडाची जाळी, तिच्यावर कागदाचे अनेक थर आणि सर्वांत वर चित्राचा कागद किंवा रेशीम. आतून ते पोकळ असते आणि वरचा कागद डफाच्या कातड्यासारखा ताणलेला असतो. पुण्यातल्या मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी होते, कागद आकसतो आणि कमकुवत जागी फाटू शकतो. खुर्चीची पाठ किंवा मुलाचे कोपर लागले, तर सरळ भोक पडते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. रंग प्राणिज सरसात कालवलेले असतात, मॅलाकाइटचा हिरवा, अझुराइटचा निळा आणि शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा हे तिन्ही, आणि दमट हवेत सरस मऊ पडून रंगाचे कण सुटू लागतात. त्यातच बुरशी आणि कसर येते, कारण पिठाची खळ, सरस आणि कागद हे सगळेच त्यांचे खाद्य आहे. काच लावली तर ओल आत कोंडते आणि बुरशीला आयती जागा मिळते. पश्चिमेकडची बाहेरची भिंत पावसात ओल धरते, म्हणून पडदा आतल्या भिंतीपाशी, निदान एक फूट अंतर सोडून ठेवावा. एअर कंडिशनरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये, आणि बाल्कनीचे दार उघडे ठेवून पंखा जोरात लावू नये. वारा अडवण्यासाठीच हे पडदे जन्माला आले असले, तरी जुना, हलका झालेला पडदा आता त्या वाऱ्यासमोर उभा करण्याजोगा राहिलेला नसतो.

म्हणून तुम्हाला माझी सूचना अशी की, दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागली की पडदा उघडावा, कडक उन्हाळ्यात खोलीत पाण्याचे रुंद भांडे ठेवावे, पण पडद्याला लागून नव्हे, आणि मृगाच्या आधी तो मिटून ठेवावा. मिटलेला पडदा आडवा ठेवू नये. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, लाकडी ठोकळ्यांवर, आतल्या भिंतीच्या कपाटात उभा ठेवावा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि दर पंधरवड्याला कोरडा दिवस पाहून कपाट उघडावे. प्लॅस्टिकमध्ये कधीही गुंडाळू नये, आणि डांबरगोळ्या चित्राला लागतील अशा ठेवू नयेत. वर्षातून काही महिनेच पडदा दिसणे हा त्याच्या बाबतीत तोटा नाही. जपानमध्येही पडदे ऋतूनुसार आणि प्रसंगानुसार काढून पुन्हा ठेवले जातात. क्योतोच्या गिओन उत्सवात, जुलैमध्ये, जुनी व्यापारी घराणी आपापले पडदे दर्शनी खोलीत मांडून लोकांना पाहू देतात. तुम्हीही दिवाळीला तो उघडला, तर घरातल्यांची नजर त्याला सरावून बोथट होणार नाही.

धूळ काढण्यासाठी बकरीच्या केसांचा मऊ, रुंद ब्रश फक्त चौकट आणि पाठ यांवर वापरावा. वर्ख आणि रंग यांना घरी हात लावू नये. बिजागरी सुटली, तर फेव्हिकॉल आणि सेलोटेप दोन्ही टाळावेत. मूळ जोड गव्हाच्या खळीने केलेला असतो, तो पुढे पाण्याने मोकळा करता येतो, आणि कागदी वस्तूंचे जतन करणारा तज्ज्ञ तसाच पुन्हा जोडून देऊ शकतो.

आडोशाचा विचार मी का नाकारला, तेही सांगतो. ब्योबूची पाठ सहसा गडद, ठशांच्या नक्षीच्या साध्या कागदाची असते. ती बाजू जेवणाच्या टेबलाकडे करावी लागेल, आणि त्या बाजूने फोडणीची वाफ, तेलाचा तवंग आणि खुर्च्यांचे धक्के रोज लागतील. स्वयंपाकघर उघडे असेल, तर दोन-तीन वर्षांत सांध्यांमध्ये चिकट मळ दिसू लागेल. आडोसा हे पडद्याचे जुने आणि सन्मानाचे काम आहे, हे खरेच. हान शीझाई याच्या रात्रीच्या मेजवानीचे जे प्रसिद्ध चिनी गुंडाळीचित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे, त्यात एकेका प्रसंगाला वेगळे करायला उभे पडदेच वापरले आहेत. परंतु त्या कामासाठी वेगळ्या जातीचा पडदा निवडला पाहिजे, आणि तिथे तुमचा चिनी पडद्याचा प्रश्न येतो.

तुम्ही पाहिलेला काळा पडदा कोरोमंडल म्हणून विकला जातो. या नावामुळे तो आपल्या पूर्व किनाऱ्यावर तयार झाला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो चीनमध्येच तयार होई, आणि युरोपीय कंपन्यांची जहाजे कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांतून तो माल पुढे नेत, म्हणून हे नाव पडले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मोठे पडदे बहुधा बारा पॅनेलांचे आणि आठ फूट किंवा त्याहून उंच असतात. लाकडावर मातीचा जाड लेप, त्यावर काळ्या रोगणाचे थर, मग रोगण कोरून त्या खोबणींत रंग भरणे, अशी त्याची रीत आहे. तो अनेकदा दोन्ही बाजूंनी सजवलेला असतो, म्हणून खोलीच्या मध्ये उभा राहायला योग्य ठरतो. सोने जे करते त्याच्या नेमके उलट तो करतो. खोलीतला उजेड शोषून घेतो. त्यामुळे लहान आणि कमी उजेडाच्या खोलीत तो घेऊ नये. फॅशन डिझायनर कोको शानेल हिने पॅरिसमधल्या र्यू काँबोंवरच्या आपल्या घरात असे अनेक पडदे भिंतींना लावले होते. तिथल्या छतांची उंची आणि आपल्या फ्लॅटचे साडेनऊ फुटी छत यांची बरोबरी होत नाही.

रोज हाताळायचा आडोसाच हवा असेल, तर माझी पसंती नव्या व्हिएतनामी रोगणकामाच्या चार पॅनेलांच्या, साडेपाच-सहा फूट उंचीच्या पडद्याला आहे. हनोईत १९२५ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेतून तिथली रोगणचित्रांची आधुनिक परंपरा घडली, आणि चांगल्या कारागिराच्या हातचे काम दमट हवेत कागदापेक्षा कितीतरी चांगले टिकते. रोगणाला जास्त भीती उन्हाची आणि कोरडेपणाची असते. मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या घरांसाठी म्हणूनच मी कागदी पडद्यापेक्षा रोगणाचा सुचवतो.

गोव्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवतो. पोर्तुगीजांची मोठी जहाजे गोव्याहून मकाऊमार्गे नागासाकीला जात, आणि कानो घराण्यातल्या चित्रकारांनी त्या जहाजांचे आगमन सोनेरी पडद्यांवर रंगवले; लिस्बन आणि कोबे येथील संग्रहालयांत कानो नाइझेनचे असे पडदे आहेत आणि त्यांत हत्तीही दिसतात. जपानी सत्ताधीश ओदा नोबुनागाने वालिन्यानो या जेझुइट धर्मगुरूला दिलेले, आझुची किल्ल्याचे चित्र असलेले पडदे चार जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर गोव्यावरून पुढे गेले आणि १५८५ मध्ये रोममध्ये पोपला भेट दिले गेले. त्यांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. इतक्या लांबचा सागरी प्रवास करू शकणारी ही चित्रे होती ती मिटता येत होती म्हणूनच, आणि भिंतीवर कायमचे ठोकताना नेमका तोच गुण आपण काढून घेतो.

चिनी किंवा व्हिएतनामी, कोणताही पडदा घेताना भिंग जवळ ठेवावे. छापील नक्कल असेल तर भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. हाताने रंगवलेल्या कामात कुंचल्याच्या फटकाऱ्याची जाड-बारीक कड दिसते. सोन्याऐवजी पितळी वर्ख असेल, तर सांध्यांजवळ आणि कडांना हिरवट-तपकिरी डाग पडू लागलेले असतात. कोरीव रोगणकामात खोबणीच्या कडेचा लेप भुसभुशीत होऊन सुटत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये, कारण आपल्याकडे त्याची दुरुस्ती करणारे कारागीर फार थोडे आहेत. आणि आठ फुटी पडदा पसंत पडलाच, तर पैसे देण्यापूर्वी इमारतीच्या लिफ्टची आतली उंची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी मोजून घ्यावी. पॅनेले सुटी करता येत असतील, तर ती कशी जोडायची हे विक्रेत्याकडून समोरासमोर पाहून घ्यावे.